कोकणात भुईमुगाच्या शेंगा दर वर्षी पोचट का राहतात आणि त्यावर काय करायचं

सप्टेंबर संपता संपता कोकणात भुईमूग उपटायला घेतला की वाडीवाडीत तेच ऐकू येतं. झाड चांगलं वाढलेलं, पानं हिरवीगार आणि उपटून बघावं तर शेंगा मोजक्या. त्यातल्याही निम्म्या बोटांनी दाबल्या की बसतात, आत दाणाच नाही. मग बियाण्याला दोष, ज्याच्याकडून घेतलं त्याला दोष आणि शेवटी ‘आमच्या जमिनीत भुईमूग होत नाही’ असा निकाल. पुढच्या वर्षी दुसरीकडून बियाणं आणतात आणि पुन्हा तेच होतं.

हा निकाल मला मान्य नाही. जांभ्याच्या लाल, आंबट मातीत आणि तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जाणाऱ्या पावसात भुईमूग घेणं अवघड आहे, हे खरंच. पण पोचट शेंगांचं मूळ बहुतेक परड्यांत आणि वरकस (डोंगरउतारावरच्या हलक्या) जमिनींत एकच असतं: शेंगा जिथे भरतात त्या वरच्या दोन-तीन इंच मातीत कॅल्शियम उरलेलं नसतं. बियाणं बदलून ते येत नाही, शेणखताच्या पाट्या वाढवूनही पुरेसं येत नाही. ते वेळेवर आणि योग्य जागी घालावं लागतं. ही वेळ पेरणीनंतर महिन्याभराने येते, म्हणजे पीक उभं असतानाही हातात संधी असते.

आधी दुखणं ओळखा

‘शेंगा आल्या नाहीत’ या एका वाक्यात चार-पाच वेगवेगळी दुखणी लपलेली असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. म्हणून काढणीच्या वेळी शेताच्या वरच्या अंगाची दोन-तीन आणि पाणी साचतं त्या सखल कोपऱ्यातली दोन-तीन झाडं कुदळीने मातीसकट उचला. ओढून उपटू नका, आऱ्या (फुलातून निघून जमिनीत शिरणारे देठ, ज्यांच्या टोकाला शेंग धरते) तुटतात आणि अर्धा पुरावा जमिनीतच राहतो. बादलीतल्या पाण्यात माती हलकेच धुवा आणि शेंगा एकेक करून फोडा.

टरफल पूर्ण आकाराचं, वरून निरोगी, पण आत काहीच नाही किंवा दोनपैकी एकाच कप्प्यात सुरकुतलेला दाणा, असं असेल तर ती कॅल्शियमची कमतरता. खात्री करायला भरलेले दाणेही उघडा. दाण्याच्या दोन डाळी वेगळ्या केल्या की टोकाशी इवलासा कोंब दिसतो. तो काळपट पडला असेल तर शंका उरत नाही. कोंब ठीक, पण डाळींच्या आतल्या सपाट बाजूला मधोमध खोलगट तपकिरी डाग असेल तर तिथे बोरॉन कमी आहे. हा डाग बाहेरून दिसत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

शेंगा थोड्याच, पण आहेत त्या भरलेल्या. आणि खोडाला लोंबणाऱ्या, टोकं वाळलेल्या आऱ्या पुष्कळ. इथे कॅल्शियमचा संबंध नाही, आऱ्यांना जमिनीत शिरताच आलेलं नाही. टरफल काळं पडून कुजलेलं असेल तर बुरशी. टरफलाला भोक असेल किंवा ते खरवडल्यासारखं दिसत असेल तर वाळवी किंवा दुसरी कीड. आणि टरफल आतून पांढरं, मऊ, स्पंजासारखं असेल तर पीक फक्त कोवळं आहे. पावसाने उघडीप दिली म्हणून घाईने काढलेल्या भुईमुगात हे फार दिसतं आणि त्याला उगाच रोग समजतात.

शेंग आपलं अन्न स्वतःच मातीतून घेते

आपण खत मुळाशी घालतो, कारण झाड मुळातून जेवतं. भुईमुगात हा हिशेब कॅल्शियमपुरता चुकतो. मुळांनी घेतलेलं कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं आणि पानांत जाऊन बसतं. पानांतून ते परत खाली, जमिनीतल्या शेंगेकडे येत नाही. शेंग जमिनीत असल्याने तिच्यातून पाणी उडून जात नाही, त्यामुळे मुळांकडचं पाणीही तिच्याकडे ओढलं जात नाही. म्हणून शेंगेला लागणारं कॅल्शियम ती भोवतालच्या मातीतून थेट टरफलातून शोषते. झाड हिरवंगार आणि शेंग उपाशी, हा कोकणातला नेहमीचा देखावा यातूनच येतो. पानांकडे बघून शेंगेची अवस्था कळत नाही.

आता आपली माती बघा. जांभ्यापासून झालेल्या मातीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम पावसाने हजारो वर्षं धुऊन नेलेलं आहे. मागे उरलं लोह आणि अॅल्युमिनियम, म्हणून ती लाल आणि म्हणूनच आंबट. शिवाय ती बाहेरून घातलेलं कॅल्शियम फार काळ धरून ठेवत नाही. ही धरण्याची ताकद मुख्यतः सेंद्रिय द्रव्यातून येते, म्हणून कुजलेलं शेणखत, गिरिपुष्पाचा पाला यांचं महत्त्व आहेच. पण ते साठवणीचं भांडं आहे, त्यात घालायचा माल वेगळा लागतो.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक तपासलेले असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू (पीएच; तो जितका कमी तितकी माती आंबट), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. त्यात कॅल्शियम नाही. त्यामुळे पत्रिका ‘ठीक’ असूनही शेंगा पोचट राहू शकतात. पत्रिकेतला सामू मात्र नीट वाचा, तो 5.5 च्या खाली असेल तर कॅल्शियम कमीच आहे असं धरून चाला.

जिप्सम: कधी, किती, कुठे

शेंगेला हे कॅल्शियम द्यायचं ते जिप्सममधून, ते कॅल्शियम आणि गंधक असलेलं खनिज आहे. महाराष्ट्रात सर्वसाधारण शिफारस हेक्टरी 400 ते 500 किलो जिप्समची आहे, आऱ्या सुटण्याच्या वेळी. गुंठ्याच्या हिशेबात हे 4 ते 5 किलो. उपट्या (उभ्या वाढणाऱ्या, न पसरणाऱ्या) जातींत फुलं पेरणीनंतर महिन्याभरात दिसू लागतात आणि त्यानंतर आठवड्याभरात आऱ्या खाली वळतात. तेव्हा झाडाच्या बुंध्याभोवती, दोन्ही बाजूंना साधारण वीतभर पट्ट्यात जिप्सम पसरायचं आणि खुरप्याने वरच्या दोन इंचात हलकं मिसळायचं. खोल गाडायचं नाही, कारण शेंगा खोल जात नाहीत. पानं कोरडी असताना टाका, म्हणजे ते पानांना चिकटून न राहता मातीत पडतं.

ही शिफारस देशावरच्या पावसाला पुरते. कोकणात तिच्यात एक बदल करावा असं माझं मत आहे आणि त्यामागे साधं गणित आहे. एक लिटर पाण्यात साधारण दोन-अडीच ग्रॅम जिप्सम विरघळतं. गुंठ्याला साडेचार किलो म्हणजे चौरस मीटरला सुमारे 45 ग्रॅम. आपल्याकडे जुलैत एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस ही काही नवलाची गोष्ट नाही आणि 100 मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरवर 100 लिटर पाणी. सगळं जिप्सम विरघळवून वरच्या थरातून खाली न्यायला हे पाणी कागदावर तरी पुरून उरतं. शेतात सगळंच पाणी तेवढं विरघळवत नाही हे खरं, पण जोराच्या दोन-तीन झोडींनंतर वरच्या थरात काय उरलं असेल याचा अंदाज येतो.

म्हणून मात्रा दोन हप्त्यांत विभागा. अर्धी फुलं दिसताच, अर्धी त्यानंतर पंधरवड्याने, आऱ्या भराभर जमिनीत शिरत असताना. दुसऱ्या हप्त्याला खुरपं लावू नका, आऱ्या तुटतील. नुसतं पसरा, पाऊस ते मिसळतो. पावसाची मोठी लाट येणार असा अंदाज असेल तर दोन दिवस थांबा. पिठासारख्या बारीक जिप्समपेक्षा थोडं जाडसर जिप्सम इथे बरं, ते हळू विरघळतं. आणि फुलोऱ्याच्या आधीच, पेरणीबरोबर सगळं जिप्सम घालून मोकळं होण्याचा मोह आवरा. शेंगा धरेपर्यंत ते वरच्या थरात राहतच नाही.

तुमच्या जमिनीत खरंच हीच उणीव आहे का हे बघायचं असेल तर एका वाफ्याचा एक भाग जिप्समशिवाय सोडा, खुंट्या ठोकून खूण करा आणि काढणीला दोन्हीकडच्या शंभर-शंभर शेंगा फोडून मोजा. कुणाच्याही सल्ल्यापेक्षा, माझ्यासुद्धा, हे मोजमाप मोठं.

प्लास्टर ऑफ पॅरिसचा चुरा वापरावा का, असं काही जण विचारतात, कारण तेही जिप्समपासूनच होतं. वापरू नका. मूर्तींचा किंवा बांधकामाचा चुरा रंग आणि इतर भेसळीसह येतो; शेंग मातीतलं थेट शोषते म्हटल्यावर तिच्याभोवती काय पडतंय याची काळजी जास्तच घ्यायला हवी.

चुना आणि जिप्सम एकमेकांच्या जागी चालत नाहीत

जिप्समने कॅल्शियम मिळतं, पण मातीचा आंबटपणा जात नाही. आंबटपणा घालवतो चुना. सामू 5.5 च्या खाली असेल तर मुळांवरच्या गाठी नीट धरत नाहीत. त्या गाठींतल्या जिवाणूंना लागणारं मॉलिब्डेनम आंबट मातीत अडकून बसतं, आणि स्फुरद लोह-अॅल्युमिनियमशी बांधला जातो. अशा जमिनीत शेतीचा चुना किंवा डोलोमाइट पेरणीच्या ओळींत, हेक्टरी 200 ते 400 किलो, म्हणजे गुंठ्याला 2 ते 4 किलो, घालण्याची पद्धत आहे. सगळ्या शेतात पसरायचं तर मात्रा कितीतरी जास्त लागते आणि ती माती तपासूनच ठरवावी. अंदाजाने पोतीच्या पोती ओतलीत तर लोह, जस्त, बोरॉन मिळेनासं होतं आणि नवं दुखणं मागे लागतं.

किनाऱ्यावर शिंपल्यांचा चुना मिळतो, तोही चालतो. पण बारीक दळलेला हवा. शिंपल्यांचे जाड तुकडे मातीत वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात. भट्टीतला कळीचा चुना विरवल्याशिवाय घालू नका आणि जिवाणू लावलेल्या बियाण्याला चुन्याचा थेट स्पर्श होऊ देऊ नका.

राखेबद्दल आपल्याकडे मोठा विश्वास आहे. चुलीची राख आंबट मातीला चांगली, हे बरोबरच, कारण तिच्यात चुन्याचा अंश असतो. पण तिच्यात पालाशही असतं आणि शेंगेभोवती पालाश जास्त झालं की ते कॅल्शियमच्या वाटेत उभं राहतं. म्हणून राख पेरणीआधी मातीत मिसळा, आऱ्या सुटताना बुंध्याशी टाकू नका. पालाशयुक्त खतांचंही तेच.

स्फुरदासाठी डीएपीपेक्षा सिंगल सुपर फॉस्फेट घ्या. भुईमुगाला हेक्टरी 25 किलो नत्र आणि 50 किलो स्फुरद सांगतात. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये 16 टक्के स्फुरद असतं, म्हणजे गुंठ्याला साधारण 3 किलो. त्याबरोबर कॅल्शियम आणि गंधक फुकट मिळतं, डीएपीत कॅल्शियम नाही. सुपर फॉस्फेट आणि चुना एकत्र कालवू नका. चुना आधी, दोन-तीन आठवडे आधी जमलं तर उत्तम, आणि सुपर पेरणीच्या वेळी. बोरॉनची खूण दाण्यात दिसली असेल तर गुंठ्याला 50 ग्रॅम बोरॅक्स वाळूत किंवा शेणखतात मिसळून एकसारखं पसरा. त्याहून जास्त नको, बोरॉनची गरज आणि विषबाधा यांत अंतर थोडं असतं.

पाणी निघत नसेल तर बाकी सगळं वाया

पेरणीआधीची चाचणी अशी. शेतात हातभर खोल खड्डा घ्या, पाणी भरून जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दिवस उलटूनही तळाशी दिसत असेल तर त्या जागी पावसाळी भुईमूग सपाट जमिनीवर घेऊ नका. खाली कातळ आहे किंवा भाताच्या चिखलणीने बसलेला टणक थर.

गादीवाफा हा त्यावरचा उपाय. महाराष्ट्रात भुईमुगासाठी जो रुंद वाफा सांगतात त्याचा माथा 90 सेंटिमीटर, मध्ये 30 सेंटिमीटरची सरी आणि उंची 15 सेंटिमीटर असते. कोकणात उंची 20 ते 30 सेंटिमीटर ठेवा. जुलैच्या माऱ्याने ती दबतेच. उताराच्या जमिनीत वाफे थेट उताराने काढले तर माती वाहून जाते, पूर्ण आडवे काढले तर सरीत पाणी तुंबतं. आडवे, पण एका अंगाला किंचित ढाळ देऊन काढा आणि त्या टोकाला पाणी बाहेर जायला चर ठेवा. हा चर पावसाळ्यात दोन-तीनदा साफ करावा लागतो. ओळींत 30 आणि दोन झाडांत 10 ते 15 सेंटिमीटर अंतर पुरे. बियाणं ओल्या जमिनीत 4 सेंटिमीटरपेक्षा खोल टाकू नका, कुजतं.

वाफ्याचा दुसरा फायदा आऱ्यांना होतो. पावसाने झोडपलेली लाल माती चार दिवस ऊन पडलं की वरून टणक होते आणि आरीचं टोक आत शिरत नाही. आरीची लांबी फार तर 15 सेंटिमीटर. त्याहून उंच फुललेल्या फुलाची आरी हवेतच वाळते. म्हणून फुलं दिसायच्या सुमाराला शेवटची हलकी खुरपणी करून माती भुसभुशीत करा, त्यानंतर शेतात हत्यार नको. माती बुंध्याकडे किंचित ओढली तर चालते, पण खोड आणि खालची पानं पुरली जातील इतकी भर लावू नका. खोडकूज तिथूनच सुरू होते. पाल्याचं जाड आच्छादनही या काळात बाजूला करा, आऱ्या त्यात अडकतात.

पिवळी पानं

जुलैच्या अखेरीस सततच्या पावसात सगळं शेत फिकट पिवळं पडतं आणि कुणीतरी सांगतं, हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं खत) फवारा. देशावरच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत हा सल्ला योग्य आहे. तिथे लोह मिळत नाही, कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. आपल्या मातीत लोहाची वाण नाही. आपल्याकडे पिवळेपणा सहसा खालच्या पानांपासून चढतो किंवा सगळं झाड एकदम फिकं होतं. ती नत्राची उपासमार: जमिनीत हवा नाही, म्हणून गाठी काम करत नाहीत.

एक झाड उचला, मुळावरची गाठ नखाने चिरा. आतून गुलाबी-लालसर असेल तर ती जिवंत आहे आणि नत्र बांधते आहे. पांढरट, हिरवट किंवा चिखलासारखी असेल तर ती बंद पडली. पाण्याला वाट करून द्या, उघडीप मिळाली की बहुधा आठवड्याभरात रंग परततो. गाठीच नसतील तर पुढच्या वेळी बियाण्याला भुईमुगाचं रायझोबियम (गाठी धरणारे जिवाणू) लावा आणि ते सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. युरियाचे हात मारत राहिलात तर पाला माजेल, शेंगा नाहीत.

टिक्का आणि खोडकूज

टिक्का हा पानांवर ठिपके पाडणारा बुरशीचा रोग. ठिपके दोन प्रकारचे. लवकर येणारा तपकिरी, भोवती पिवळं वलय. उशिरा येणारा जास्त काळा, पानाच्या खालच्या अंगाला ठळक. काढणीच्या तोंडावर थोडा टिक्का असतोच, त्याची धास्ती नको. पण शेंगा भरायच्या आधीच पानं गळाली तर दाणे बारीक राहतात. पहिले ठिपके दिसताच फवारणी हवी, शेत करपल्यावर नाही. संततधारेत नुसतं वरवर बसणारं बुरशीनाशक धुऊन जातं. आंतरप्रवाही (झाडाच्या आत शोषलं जाणारं) घ्या, चिकट द्रव्य मिसळा आणि काही तासांची उघडीप बघून फवारा. कोणतं औषध भुईमुगाला मान्य आहे आणि किती, ते डब्यावरच्या माहितीपत्रकातूनच घ्या.

खोडकुजीत एखादी फांदी किंवा झाड अचानक माना टाकतं. बुंध्याशी पांढरे धागे आणि त्यांत मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसतात. ते दाणे म्हणजे बुरशीचं बियाणं, वर्षानुवर्षं मातीत टिकतं. झाड मातीसकट उचलून शेताबाहेर न्या, बांधावर टाकू नका. अर्धवट कुजलेलं शेणखत आणि ताजा पाला या बुरशीला खाद्य पुरवतो, तेव्हा खत पूर्ण कुजलेलंच हवं आणि त्यात पेरणीआधी ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मुरवलेला असेल तर फार चांगलं. त्याच जागी सलग दोन वर्षं भुईमूग घेऊ नका. मध्ये नाचणी किंवा भात येऊ द्या.

जात निवडताना दाण्याच्या आकाराला भुलू नका

दाणा जितका टपोरा तितकी कॅल्शियमची भूक जास्त. जिप्समची सोय नसेल त्या जमिनीत टपोऱ्या जाती पोचट शेंगांचा ढीग देतात, बारीक दाण्याच्या उपट्या जाती तुलनेने निभावून नेतात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने काढलेल्या कोकण गौरवसारख्या जाती आधी विचारात घ्या, त्या याच हवामानासाठी निवडलेल्या आहेत.

दुसरा प्रश्न उगवण्याचा. बहुतेक उपट्या जातींच्या दाण्याला विश्रांतीचा काळ नसतो. तयार शेंगेला परतीच्या पावसाने गाठलं की ती जमिनीतच कोंब काढते. फुले प्रगती म्हणजे जेएल-24 लवकर, नव्वद-पंचाण्णव दिवसांत येते ही तिची मोठी सोय. पण पाऊस लांबला तर तीच अडचणीत आणते. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या टीजी-26 ला साधारण तीन आठवड्यांची विश्रांती असते, ती अशा वेळी कामी येते. तयार झालं का हे तारखेवरून ठरवू नका. दहा-बारा शेंगा फोडा. टरफलाच्या आतल्या बाजूला काळपट-तपकिरी छटा बहुतेक शेंगांत दिसली की काढा.

पावसाळा सोडून द्यायचा का?

सखल, पाणथळ जमीन असेल आणि डिसेंबरनंतर पाण्याची थोडी सोय असेल तर माझं उत्तर हो असं आहे. भात निघाल्यावर डिसेंबर-जानेवारीत पेरलेला भुईमूग सिंधुदुर्गात आणि खाली गोव्यातल्या पेडण्या-बार्देशापर्यंत लोक घेत आलेच आहेत. वायंगणी (पावसाळी भातानंतर पाण्यावर घेतलेल्या) शेतीतला तो भरवशाचा भाग आहे. टिक्का कमी, ऊन भरपूर, शेंगा वाळवायला कोरडी हवा. भाताच्या शेतातला टणक थर मात्र खोल नांगरून फोडावा लागतो आणि पेरणी उशिरा झाली तर मेमधल्या वळवाशी गाठ पडते.

इथेही शेंगा पोचट राहतात, पण कारण उलटं. मार्चच्या उन्हात वरचा थर कोरडा पडतो. मुळं खालून ओल घेतात, झाड टवटवीत दिसतं, पण शेंगेभोवतीच्या कोरड्या मातीतलं जिप्सम तिला घेताच येत नाही. म्हणून आऱ्या सुटल्यापासून दाणे भरेपर्यंत पाणी थोडं थोडं, पण वरचेवर द्या. एकदम तुंब भरून आठवडाभर विसरणं उपयोगाचं नाही. सात मायक्रॉनचा पारदर्शक प्लॅस्टिक कागद अंथरतात तो याच ओलीसाठी, आऱ्या तो भेदून जातात. मोठ्या क्षेत्राला तो परवडतो. परड्यातल्या दोन-चार गुंठ्यांत नंतर कागदाचे तुकडे वेचत बसावे लागतात, तिथे मी सुचवणार नाही. रानडुकरं आणि साळिंदर कोणत्याही हंगामात येतात. कुंपण किंवा राखण यांना पर्याय नाही.

काढल्यानंतर

भिजलेल्या शेंगांचा ढीग एक रात्रही ठेवू नका. झाडं उलटी करून, शेंगा वर आणि पाला खाली, मांडवावर किंवा पडवीत पसरा. पाऊस चालूच असेल तर शेंगा तोडून चुलीवरच्या माळ्यावर पातळ थरात ठेवा. शेंग हलवल्यावर आत दाणा खुळखुळला आणि दाण्याची साल बोटाने चोळून सुटली म्हणजे वाळली असं समजा. ओल राहिली तर पिवळसर-हिरवी बुरशी धरते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. भाजल्याने किंवा शिजवल्याने ते पुरेसं जात नाही. बुरशी लागलेल्या, काळ्या पडलेल्या, कोंब आलेल्या शेंगा घाण्यावर पाठवू नका आणि गुरांनाही घालू नका. पेंडीतून ते विष गाईच्या पोटात आणि तिथून दुधात उतरतं.

बियाण्याच्या शेंगा जिप्सम घातलेल्या वाफ्यातल्याच ठेवा. कॅल्शियम कमी पडलेला दाणा वरून चांगला दिसला तरी त्याचा कोंब अधू असतो, उगवण निम्मी होते आणि पुढच्या जूनमध्ये शेत विरळ दिसतं. शेंगा टरफलासकट, कोरड्या पिंपात राखेच्या किंवा निंबाच्या पाल्याच्या थरात ठेवा. आपल्या दमट हवेत आधीच सोललेला दाणा लवकर मरतो, म्हणून पेरणीच्या आठवड्यातच सोला. लाल साल सुटलेले, चिरलेले दाणे बाजूला काढा. गुंठ्याला सव्वा किलोपर्यंत दाणे लागतात, त्या हिशेबाने शेंगा थोड्या जास्तच राखून ठेवा.